नमन, भजन आणि जुन्या कॅसेटी : गाण्यासाठी रेकॉर्डर घेताना आणि वापरताना

गणपतीत जाखडी, कार्तिकात हरिनाम सप्ताह, थंडीत थिबा राजवाड्याच्या आवारातला संगीत महोत्सव, फाल्गुनात शिमगा आणि मग गावोगावची नमने. रत्नागिरी जिल्ह्यात गाणे टिपून ठेवावे असे वाटण्याचे प्रसंग वर्षभर येत राहतात. वाचकांचे प्रश्नही फिरून फिरून तेच असतात. ‘मोबाइल चांगला आहे, मग वेगळा रेकॉर्डर कशाला?’ ‘रेकॉर्डर घेतला, तरी ढोलकी तापली की आवाज फाटतो, असे का?’ ‘बुवांचे भजन यूट्यूबवर टाकले तर कायद्यात अडकू का?’ ‘वडिलांच्या भजनाच्या कॅसेटी आहेत, त्या वाचतील का?’ या प्रश्नांची उत्तरे इथे देत आहे. यंत्रामागचे शास्त्र निर्णयापुरतेच सांगतो.

रेकॉर्डर हवाच आहे का?

गाण्याची चाल लक्षात राहावी, रियाज ऐकून चुका कळाव्यात, एवढेच हवे असेल तर मोबाइल पुरतो. अडचण येते ती ठेवा म्हणून जपायचे रेकॉर्डिंग करताना. मोबाइलचा माइक मुख्यतः बोलण्यासाठी बसवलेला असतो आणि त्यातली यंत्रणा आवाजाची पातळी आपोआप वरखाली करते. पखवाजावर थाप पडली की ती सगळा आवाज दाबते, थाप विरली की पुन्हा उचलते. त्यामुळे गजर रंगात आला की बुवांचा आवाज बुडतो, आणि शांत आलापीत पंख्याची घरघर वर येते. शिवाय मधेच फोन आला की रेकॉर्डिंग थांबण्याची भीती असते ती वेगळीच. वर्षातून दोन-चार कार्यक्रम नीट टिपायचे असतील तर स्वतंत्र रेकॉर्डर घ्या. एकाच कार्यक्रमासाठी हवा असेल तर साउंडवाल्याकडून किंवा ओळखीच्या व्हिडिओग्राफरकडून भाड्याने मागा.

कोणता घ्यावा

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या. बाजारात ‘व्हॉइस रेकॉर्डर’ म्हणून पेनाच्या किंवा पेनड्राइव्हच्या आकाराच्या स्वस्त वस्तू मिळतात. त्या सभेचे इतिवृत्त लिहायला ठीक आहेत. गाण्यासाठी त्यांचा उपयोग नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. गाण्याच्या रेकॉर्डरला दोन चांगले माइक हवेत, आवाजाची पातळी हाताने ठरवता आली पाहिजे, आणि डब्ल्यूएव्ही म्हणजे वेव्ह प्रकारची, न दाबलेली फाइल तयार झाली पाहिजे.

त्यानंतर तुमच्या गरजेप्रमाणे निवड अशी करा:

- घरगुती भजन, रियाज, आरत्या, कीर्तन: झूम एच१ इसेन्शियल किंवा टॅस्कॅम डीआर-०५एक्स, डीआर-०७एक्स या वर्गातले छोटे यंत्र. डीआर-०५एक्सचे माइक चोहोबाजूंचा आवाज घेतात, त्यामुळे गोल बसलेल्या मंडळींसाठी ते सोयीचे. डीआर-०७एक्सचे माइक समोरचा आवाज जास्त घेतात आणि त्यांची दिशा वळवता येते. मागे लोक बोलत बसणार असतील तर हा बरा.
- रंगमंचावरचे नमन, शक्तीतुरा, संगीत नाटक: स्वतःच्या माइकसोबत मिक्सरची तारही जोडता येईल असा, खाली दोन एक्सएलआर खाचा असलेला रेकॉर्डर. टॅस्कॅम डीआर-४०एक्स किंवा झूम एच४ इसेन्शियल या वर्गातला.
- फक्त जुन्या कॅसेटी उतरवायच्या असतील: लाइन-इन असलेला कोणताही छोटा रेकॉर्डर पुरे. मोठ्यावर पैसे घालवू नका.

झूमच्या ‘इसेन्शियल’ मालिकेत ३२ बिट फ्लोट नावाची सोय आहे. तिच्यात आवाजाची पातळी आधी ठरवावीच लागत नाही. कमी-जास्त झालेला आवाज नंतर संगणकावर सावरता येतो. पहिल्यांदाच रेकॉर्डर घेणाऱ्याला मी हीच सोय असलेले यंत्र सुचवीन. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माइकच्याच ताकदीबाहेर आवाज गेला, म्हणजे ताशाच्या तोंडाशी रेकॉर्डर धरला, तर ३२ बिटसुद्धा वाचवू शकत नाही. आणि या फाइली संगणकावर थोड्या बसवून मगच इतरांना पाठवाव्या लागतात. घरात संगणक नसेल तर २४ बिटचे साधे यंत्र घ्या आणि पातळी लावायला शिका. ते अवघड नाही, पुढे सांगतो.

किमती सतत बदलतात. छोटी यंत्रे साधारण दहा हजारांच्या आसपास सुरू होतात, एक्सएलआरवाली त्याच्या दुपटीच्या घरात किंवा वर जातात. अंदाजपत्रकात चांगले मेमरी कार्ड, छोटा तिपाई स्टँड, केसाळ वाराटोपी आणि चार्ज होणाऱ्या सेलचे दोन संच धरा. स्टँड आणि वाराटोपीचे पैसे वाचवून यंत्र एक पायरी वरचे घेऊ नका. कोकणातल्या वाऱ्यात तो सौदा उलटा पडतो.

खरेदी करताना

रत्नागिरीत ही यंत्रे दुकानात क्वचितच समोर दिसतात. बहुतेक जण ऑनलाइन किंवा मुंबई-पुण्याहून मागवतात, नाहीतर आखातातल्या नातेवाइकाला सांगतात. आखातातून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही. घेण्याआधीच कंपनीच्या भारतातल्या वितरकाला विचारून घ्या. ऑनलाइन घेताना खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेले आहे का ते बघा. जीएसटीचे बिल नाकारणाऱ्याकडून घेऊ नका. खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा आणि परत करण्याची मुदत संपण्याच्या आत दोन्ही माइक, लाइन-इन, हेडफोनची खाच, सगळे तपासा.

यंत्र सदोष निघाले आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पायऱ्या अशा:

1. विक्रेता किंवा ऑनलाइन मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवे.
2. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात.
3. तरीही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

तारीख-वेळ लावा. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, संगणकात नको. मेनूत सेलचा प्रकार निवडा. चार्ज होणारे सेल घालून मेनूत ‘अल्कलाइन’ राहू दिले तर सेलची पट्टी चुकीची दिसते, आणि यंत्र भर गवळणीत बंद पडते. फाइलचा प्रकार वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. या मापाला तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीस तासांच्या आसपास रेकॉर्डिंग बसते. रात्रभराच्या नमनालाही जागा उरते. ९६ किलोहर्ट्झच्या मोहात पडू नका. फाइल दुप्पट होते, कानाला फरक कळत नाही.

नवख्यांची सर्वांत जास्त रेकॉर्डिंग जातात ती एका बटणामुळे. काही यंत्रांत रेकॉर्डचे बटण पहिल्यांदा दाबले की ते फक्त तयारीत उभे राहते आणि लाल दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावरच रेकॉर्डिंग सुरू होते. दिव्यावर विसंबू नका, पडद्यावरचे सेकंद पुढे सरकताहेत का ते बघा. सुरू झाल्यावर होल्डची कळ लावा. संपल्यावर आधी स्टॉप दाबा, मग यंत्र बंद करा. सेल उपटून बंद केलेल्या यंत्रातली फाइल अर्धवट राहू शकते.

कुठे ठेवायचा

मॉडेलवर लोक महिना घालवतात आणि जागेवर मिनिटभरही नाही. रेकॉर्डिंगचा निम्म्याहून अधिक कस जागेतच लागतो, असे माझे ठाम मत आहे.

*घरातले किंवा देवळातले भजन.* रेकॉर्डर जमिनीवर किंवा पेटीवर ठेवू नका. पखवाजाची थाप लादीतून आणि पेटीच्या लाकडातून थेट माइकात शिरते. स्टँडवर, बसलेल्या बुवांच्या डोक्याच्या उंचीला किंवा किंचित वर, चार ते सहा फुटांवर ठेवा आणि तोंड बुवांकडे करा. टाळकरी गोल बसले असतील तर झांजा आणि चकव्याच्या बाजूने थोडा दूर सरका. हे आवाज धारदार असतात आणि जवळून सगळे खाऊन टाकतात. पंखा बंद ठेवायला सांगा. यजमानांना वाईट वाटेल म्हणून लोक सांगत नाहीत आणि मग आयुष्यभर तो पंखा ऐकतात. पत्र्याखाली मुसळधार पाऊस सुरू झाला तर मात्र इलाज नाही, सर ओसरेपर्यंत थांबा.

*जाखडी.* पारंपरिक मांडणीत शाहीर, ढोलकीवाला आणि साथीदार मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. रेकॉर्डर वर्तुळाबाहेर ठेवलात तर पायातल्या चाळांचा आवाज पुढे येतो, शब्द मागे पडतात. शक्तीतुऱ्यात तर शब्दच महत्त्वाचे, सवाल-जबाबातला एक शब्द गेला तर कोडे सुटत नाही. म्हणून शाहिरांची परवानगी घेऊन स्टँड आतच, त्यांच्यासमोर तीन-चार फुटांवर ठेवा. चाळ मग डावीकडून उजवीकडे फिरताना ऐकू येतात आणि रेकॉर्डिंगला जागेची जाण येते. स्टँड वाटेत येणार नाही ना, हे आधी एका फेरीत बघून घ्या.

*रंगमंचावरचे नमन.* इथे दोन आवाज असतात, एक स्पीकरचा आणि एक मंचावरचा. स्पीकरच्या तोंडाशी ठेवलेले रेकॉर्डिंग कर्कश येते. मंचापासून दहा-बारा फुटांवर, दोन्ही स्पीकरच्या मधोमध, माणसांच्या डोक्यावरून जाईल इतक्या उंचीला ठेवा. मिक्सरमधून तार घेता आली तर उत्तम, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. छोट्या मंडपात मृदंगाला माइकच लावलेला नसतो, त्याचा नुसता आवाजच पुरतो. अशा वेळी मिक्सरच्या तारेत गाणे येते, मृदंग गायब असतो. म्हणूनच चार ट्रॅकचे यंत्र उपयोगी पडते. दोन ट्रॅक मिक्सरचे, दोन स्वतःच्या माइकचे. तार जोडताना इनपुट ‘लाइन’वर आहे आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद आहे, याची खात्री करा. साउंडवाल्याला कार्यक्रमाच्या तासभर आधी भेटा, नारळ फुटल्यावर तो तुमच्यासाठी मोकळा नसतो.

*शिमग्याची पालखी.* ढोल-ताशांच्या अगदी जवळ जाऊ नका. पंधरा-वीस फूट मागे, शक्यतो एखाद्या घराच्या ओटीवर थांबा आणि पालखी येऊन, नाचून, पुढे जाऊ द्या. येण्या-जाण्याचा तो चढउतार हेच त्या रेकॉर्डिंगचे खरे मोल. चालत चालत घ्यायचेच असेल तर यंत्र थेट हातात न धरता छोट्या तिपाईची मूठ करून धरा, बोटांची खरखर येत नाही.

उघड्या सड्यावर किंवा समुद्राकाठी केसाळ वाराटोपी लावलीच पाहिजे. सोबत मिळणारी स्पंजची टोपी घरात चालते, भाट्याच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. वाऱ्यासाठी मेनूत ‘लो कट’ असतो. तो पखवाजाच्या कणकेच्या बाजूचा घुमारही कापतो, म्हणून आडोसा असेल तिथे बंद ठेवा.

पातळी कशी लावायची

ऑटो लेव्हल बंद करा. मग मंडळींना सर्वांत जोरकस गजर अर्धा मिनिट म्हणायला सांगा. हळू नमुना घेऊन फसगत होते, कारण रंगात आल्यावर सगळेच दुपटीने गातात. त्या गजराला पडद्यावरची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचेल इतकीच पातळी ठेवा. शून्याला लागली की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. कमी आलेला वाढवता येतो. शंका असेल तेव्हा कमीच ठेवा.

रेकॉर्डर तुमचा, गाणे कोणाचे?

इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना ‘कलाकाराचा हक्क’ दिलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक स्पष्ट झाला. गावच्या भजनी मंडळालाही तो लागू आहे, त्यासाठी कोणी प्रसिद्ध असावे लागत नाही. सादरीकरणाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ५० वर्षे तो टिकतो. व्यवहारात याचा अर्थ असा:

- स्वतः ऐकण्यासाठी किंवा निव्वळ शिकण्या-शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग कलाकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही. कलम ३९ मध्ये तशी सूट आहे. आयोजकांनी मात्र तिकिटावर किंवा दारात मनाई केली असेल तर ती पाळायची.
- यूट्यूबवर टाकणे, विकणे, मंडळाच्या नावाने वाटणे यासाठी कलाकारांची संमती हवी. नाव देणे आणि त्यांची बदनामी होईल अशी मोडतोड न करणे, हेही बंधनकारक आहे.
- शब्द आणि चाल वेगवेगळे बघा. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. पण त्याला श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल अजून संरक्षित आहे. ते २०११ मध्ये गेले आणि रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’चे शब्द मात्र केव्हाच मुक्त झाले आहेत. आजचा शाहीर स्वतः कवन लिहितो, तेव्हा त्या शब्दांवर त्याचा हक्क आहे. तेच कवन सिनेमाच्या चालीवर असेल तर यूट्यूबवर दावा येण्याची तयारी ठेवा. दावा आला म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नाही. बहुधा जाहिरातीचे पैसे दावेदाराला जातात, इतकेच. ‘स्ट्राइक’ मात्र गंभीर असतो, ९० दिवसांत तीन आले तर वाहिनी बंद होऊ शकते.

संमतीसाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. व्हॉट्सअॅपवर एवढा मजकूर पुरे: ‘दि. … रोजी … येथे झालेल्या आमच्या भजनाचे रेकॉर्डिंग … यांनी केले आहे. ते संग्रहासाठी ठेवण्यास आणि यूट्यूबवर विनामूल्य टाकण्यास आमची संमती आहे. बुवा, वादक आणि मंडळाचे नाव द्यावे.’ पैसे मिळणार असतील तर तेही लिहा. आणि पहिली प्रत बुवांना द्या. कायदा सांगत नसला तरी हे केलेच पाहिजे.

फाइली

रेकॉर्डिंग सुरू होताच स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, मंडळ, बुवा आणि वादकांची नावे बोला. कागद हरवतो, फाइलचे नाव बदलते, बोललेले राहते. दुसऱ्याच दिवशी कार्डावरची फाइल संगणकावर आणि एका वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या, तिसरी प्रत मुंबईतल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवा. तीन ठिकाणी पोहोचेपर्यंत कार्ड पुसू नका. वाटायला एमपीथ्री करा, पण मूळ वेव्ह जपा. मोठा, व्यवस्थित नोंदी असलेला संग्रह असेल तर गुरुग्रामच्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’शी पत्रव्यवहार करता येईल. १९८२ पासून ही संस्था अशा ध्वनिसंग्रहांचे जतन करते आहे.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर रेकॉर्डर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. सेल काढून ठेवा. दर पंधरा दिवसांनी यंत्र बाहेर काढून थोडा वेळ चालवा. समुद्राकाठून आल्यावर यंत्र आणि सेलचे पत्रे कोरड्या कापडाने पुसा. स्पंजच्या टोप्या दमट हवेत चिकट होऊन भुगा होतात, माइकवर चढवून ठेवू नका.

जुन्या कॅसेटी

कोकणात हजारो घरांत आखातातून आलेला टू-इन-वन होता, आणि त्यावर घरच्या माणसांनी घरचीच गाणी भरली. आजोबांचे भजन, आजीच्या ओव्या, गावातल्या जुन्या खेळ्यांचे नमन. बाजारातली कॅसेट गेली तरी ती कुठेतरी मिळते, ही कुठेच मिळणार नाही. म्हणून रेकॉर्डर घेतल्यावर पहिले काम हे करा.

1. कॅसेटच्या खिडकीतून फितीची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे. ती कॅसेट तशीच वाजवू नका, बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटींवर जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, हाताळताना तोंडाला मास्क लावा आणि जाणकाराला दाखवा.
2. चांगल्या कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या चकत्या तोडा. चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ पुसले जाणार नाही.
3. वाजवायचे यंत्र आधी दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. रबरी पट्टे बहुधा वितळलेले असतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून बघा.
4. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, चिकटलेली फीत सुटते.
5. डेकच्या लाइन-आउटमधून तार रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये घ्या. टू-इन-वनला लाइन-आउट नसेल तर हेडफोनच्या खाचेतून, आवाज निम्म्यावर ठेवून. रेकॉर्डरमधली ‘प्लग-इन पॉवर’ बंद करा आणि रेकॉर्डर सेलवर चालवा, विजेची घूं कमी येते.
6. पूर्ण बाजू सलग उतरवा. ९० मिनिटांच्या कॅसेटला दीड तास लागणारच. मधले बोलणे, खोकला, ‘चहा झाला का’ ही हाक, काही कापू नका. साफसफाई करायची ती प्रतीवर.

फीत तुटली असेल किंवा कवच चिकटवलेले असेल तर घाबरून फेकू नका. तुटलेली फीत जोडता येते आणि स्क्रूच्या दुसऱ्या कवचात बसवता येते. हे काम जाणणारे जुने टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाले आता कमी होत चालले आहेत, म्हणून ते फार लांबवू नका.

कॅसेटींची पेटी भर पावसात उघडू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काढा, आणि उतरवताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा. कुणाचा आवाज आहे, पखवाज कोण वाजवतो आहे, भजन कुणाच्या घरी झाले होते, हे सांगणारी तीच व्यक्ती आहे. ती सांगत असताना रेकॉर्डर चालू ठेवा.